टेल्यूरियम आधी, आयोडीन मागाहून

आवर्तसारणीच्या ५२ व्या घरात टेल्यूरियम आहे आणि ५३ व्या घरात आयोडीन. टेल्यूरियमचे अणुवस्तुमान १२७.६०, आयोडीनचे १२६.९०. म्हणजे जड आधी बसले आणि हलके त्याच्या मागून. असाच उलटा क्रम आणखी दोन ठिकाणी डोळ्यांत भरतो. अरगॉन (३९.९५) पोटॅशियमच्या (३९.१०) आधी येतो आणि कोबाल्ट (५८.९३) निकेलच्या (५८.६९) आधी. शाळेत या जोड्या मेंडेलीव्हच्या सारणीतला दोष म्हणून एखाद्या गुणाच्या प्रश्नापुरत्या भेटतात. प्रत्यक्षात १८६९ पासून १९१३ पर्यंत या कोड्याने भल्याभल्यांना छळले, आणि मूलद्रव्यांची रांग नेमकी कशाच्या जोरावर लागते याचे उत्तर शेवटी या जोड्यांवरच पारखले गेले.

मुळात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वजनांचाच गोंधळ होता. कोणी ऑक्सिजनचे अणुवस्तुमान ८ धरी, कोणी १६; कार्बनचे कोणाकडे ६, तर कोणाकडे १२. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाची निरनिराळ्या लेखकांनी वापरलेली एकोणीस सूत्रे ऑगुस्ट केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ओळीने मांडून ठेवली आहेत. हा घोळ निस्तरण्यासाठी ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतल्या कार्लस्रूए शहरात सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस खल झाला, निर्णय काहीच झाला नाही. पांगापांग होता होता इटलीच्या स्तानिस्लाव कानिझारोची एक पुस्तिका लोकांच्या हाती पडली. अव्होगाड्रोचे अर्धशतक जुने गृहीतक मान्य केले, तर सगळी अणुवस्तुमाने एकाच मापावर कशी आणता येतात, हे तिच्यात स्वच्छ सांगितले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायरच्या शंका ती वाचूनच फिटल्या. त्याच परिषदेला सव्वीस वर्षांचा एक रशियन तरुणही हजर होता : दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह.

भरवशाची वजने हाती आल्यावर मूलद्रव्ये रांगेत लावून पाहण्याचा मोह अनेकांना झाला. सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांची डोबेरायनरची त्रिके १८२९ पासून ठाऊक होतीच. १८६२ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक द शांकूर्त्वाने मूलद्रव्ये एका दंडगोलावर मळसूत्री रेषेत मांडली आणि सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये एकाखाली एक येतात हे दाखवले. लंडनच्या जॉन न्यूलँड्सने १ मार्च १८६६ रोजी केमिकल सोसायटीपुढे आपला अष्टकांचा नियम वाचला. दर आठव्या मूलद्रव्याशी गुणधर्म जुळतात हे ऐकून जॉर्ज कॅरी फॉस्टर यांनी विचारले, की मूलद्रव्ये अकारविल्हे लावून पाहिलीत का? सोसायटीने तो निबंध छापलाही नाही. पुढे १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने न्यूलँड्सला डेव्ही पदक दिले, पण तोवर श्रेय दुसरीकडे गेले होते.

ते गेले सेंट पीटर्सबर्गला. मेंडेलीव्हचा जन्म १८३४ चा, सायबेरियातल्या तोबोल्स्कचा. वडिलांची दृष्टी गेल्यावर आई मारिया हिने काचेचा कारखाना चालवून घर सांभाळले. तो कारखाना जळाल्यावर धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी ती त्याला घेऊन हजारो मैलांवरच्या मॉस्कोला आणि तिथे दाद न लागल्याने पीटर्सबर्गला गेली. मुलाला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी, १८५० मध्ये, ती वारली. हाच मुलगा १८६७ मध्ये पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. शिकवायला रशियन भाषेत धड पुस्तक नाही म्हणून त्याने स्वतःच लिहायला घेतले. पहिल्या खंडाच्या शेवटी तो क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या हॅलोजन कुळापर्यंत आला, तेव्हा ६३ ज्ञात मूलद्रव्यांपैकी मोजकीच हातावेगळी झाली होती. उरलेल्यांचा पसारा दुसऱ्या खंडात मावेल कसा, आणि कोणत्या क्रमाने?

१७ फेब्रुवारी १८६९ हा दिवस, आजच्या पंचांगाने १ मार्च. त्या दिवशी मेंडेलीव्हला चीज बनवणाऱ्या सहकारी दुग्धालयांच्या पाहणीसाठी निघायचे होते. त्यासंबंधी आलेल्या पत्राच्या मागेच त्याने आकडे मांडायला सुरुवात केली. हॅलोजनांच्या शेजारी अल्कधातू ठेवले : फ्लोरीन १९, सोडियम २३, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८०, रुबिडियम ८५. आयोडीन १२७, सिझियम १३३. एकमेकांशी काडीचे साम्य नसलेली ही दोन कुळे वजनाने मात्र प्रत्येक पायरीवर लागून होती. इथून मग बाकीची कुळे जोडत गेली. ही सारणी त्याला स्वप्नात दिसली, त्याने पत्त्यांचा डाव मांडून ती जुळवली, अशा कथा नंतर पुष्कळ पसरल्या. त्याच्या हातचे त्या दिवशीचे कागद मात्र खाडाखोडीने भरलेले आहेत. सुमारे दोन आठवड्यांनी, जुन्या पंचांगाच्या ६ मार्चला, रशियन केमिकल सोसायटीत हा निबंध सादर झाला, तोही मेंडेलीव्हच्या गैरहजेरीत. त्याचा सहकारी मेन्शुत्किनने तो मांडला.

मेंडेलीव्हच्या हाती दोन कसोट्या होत्या : अणुवस्तुमान आणि कुळाचे साम्य. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकच उत्तर देत. टेल्यूरियमपाशी त्यांचे भांडण लागले. ऑक्साइडे आणि हायड्रोजनबरोबरचे संयुग पाहिले, तर टेल्यूरियम उघडच गंधक आणि सेलेनियमचे भावंड. आयोडीन सोडियमशी मीठ बनवते, हायड्रोजनशी आम्ल. ते क्लोरीनच्याच घरचे. वजनाचे ऐकले असते तर दोघेही परक्या घरात गेले असते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ओडलिंग आणि मायर यांनीही १८६४ च्या आपापल्या मांडणीत त्यांना कुळाप्रमाणेच बसवले होते. मेंडेलीव्हने तेच केले, पण टेल्यूरियमच्या १२८ या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकले. त्याच्या मते जागा बरोबर होती, वजन चुकले होते. १८७१ च्या सुधारित सारणीत त्याने ते सरळ १२५ करून टाकले.

हा निव्वळ हट्ट म्हणावा, तर त्याच हट्टाने त्याला इतरत्र भरघोस यश दिले होते. युरेनियमचे वजन १२० समजले जाई. त्याने ते दुप्पट, २४० केले. इंडियमचे ७५ च्या घरातून ११३ वर नेले. बेरिलियमची संयुजा दोन मानून त्याला ९ वजनाचे ठरवले. तिन्ही ठिकाणी पुढच्या मोजण्यांनी त्याचाच निवाडा उचलून धरला. शिवाय त्याने मोकळ्या सोडलेल्या घरांत येणाऱ्या पाहुण्यांचे वर्णनही आगाऊ करून ठेवले होते, आणि संस्कृत ‘एक’ची जोड देऊन त्यांना एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी तात्पुरती नावे दिली होती. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकोक द ब्वाबोद्राँला गॅलियम सापडले. त्याने घनता ४.७ मोजली, मेंडेलीव्हने पीटर्सबर्गहून कळवले की ती ५.९ च्या आसपास हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजल्यावर ती ५.९ निघाली. ज्याने ते मूलद्रव्य डोळ्यांनीही पाहिले नव्हते, त्याने शोधकर्त्याची चूक दुरुस्त केली होती. १८७९ मध्ये नीलसनचे स्कँडियम आले. १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या क्लेमेन्स विंकलरने एका चांदीच्या खनिजातून जर्मेनियम वेगळे केले. मेंडेलीव्हने वजन ७२ आणि घनता ५.५ सांगितली होती. विंकलरच्या हाती ७२.३२ आणि ५.४७ आले.

इतक्या विजयांनंतर टेल्यूरियमचे वजनही एक दिवस वठणीवर येईल असे कोणालाही वाटले असते. प्रागमध्ये बोहुस्लाव ब्राउनरने हे काम अंगावर घेतले. तो मेंडेलीव्हचा कट्टर पाठीराखा. वर्षानुवर्षे तो टेल्यूरियम शुद्ध करत राहिला, तोलत राहिला. शेवटी आकडा १२७ च्या वरच स्थिरावला. टेल्यूरियममध्ये दुसरेच एखादे मूलद्रव्य दडलेले असावे, असाही तर्क त्याने करून पाहिला. तसे काही सापडले नाही.

त्यातच हवेतून नवे संकट आले. लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आले होते, की हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो. हा फरक क्षुल्लक म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. विल्यम रॅमझी यांच्यासह शोध घेतल्यावर १८९४ मध्ये अरगॉन हाती आला. तो कशाशीही संयोग पावेना, त्यामुळे कुळ ठरवायची सोय नाही. वजन साधारण ४०, म्हणजे पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या मध्ये, जिथे रिकामे घरच नव्हते. हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असावा, असे मेंडेलीव्हला सुरुवातीला वाटले.

पुढच्याच वर्षी रॅमझी यांना एका युरेनियम खनिजातून हेलियम मिळाला. हा वायू तोपर्यंत फक्त सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा म्हणून ठाऊक होता. तिची कथा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेली आहे, आणि त्या ग्रहणाचा पट्टा कोकणातल्या विजयदुर्गावरून विजापूर, गुंटूरकडे गेला होता. विजयदुर्ग किल्ल्यावर त्या आठवणीत हेलियम दिन साजरा होतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहण तिथूनच पाहिले असे सांगितले जाते; खरे तर गुंटूरला प्रसिद्ध निरीक्षणे केली ती फ्रान्सच्या झान्सेननी, आणि लॉकयर यांनी ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून टिपली.

१८९८ मध्ये रॅमझी आणि ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे आणखी तीन वायू हुडकले आणि चित्र पालटले. हॅलोजन आणि अल्कधातू यांच्या वजनांत प्रत्येक पायरीवर जी फट होती, तीत हे वायू एकामागोमाग एक बसले. सारणी मोडली नाही. तिला एक पूर्ण स्तंभ लाभला. मेंडेलीव्हनेही तो पुढे स्वीकारला. मात्र अरगॉनला आपल्या भावंडांत बसवायचे, तर त्याला हलक्या पोटॅशियमच्या आधी घ्यावे लागत होते. टेल्यूरियमचा दोष आता एकट्या टेल्यूरियमचा राहिला नाही. १९०७ मध्ये मेंडेलीव्ह गेला तेव्हाही या कोड्याला उत्तर नव्हते.

उत्तर रसायनशाळेबाहेरून आले. १९११ मध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अणूच्या पोटात धनप्रभारित केंद्रक असल्याचे दाखवले. त्याच वर्षी आंतोनियस व्हान डेन ब्रूक या हौशी डच अभ्यासकाने, जो पेशाने वकील होता, असे सुचवले की सारणीत मूलद्रव्याचा जितवा क्रमांक, तितकाच त्याच्या केंद्रकावरचा प्रभार असावा. सूचना धाडसी होती आणि पुरावा नव्हता. तोपर्यंत अणुक्रमांक म्हणजे रांगेत उभे केल्यावर मिळणारा बिल्ला. त्याला स्वतःचा अर्थ नव्हता. १९१३ च्या उन्हाळ्यात नील्स बोर मँचेस्टरला आले असताना कोबाल्ट आधी की निकेल, यावर त्यांची रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुणाशी चर्चा झाली. हे प्रयोगाने ठरवता येईल, असे त्या तरुणाला वाटत होते.

तो हेन्री मोझली, वय पंचवीस. पदार्थावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळले की त्यातून क्ष-किरण निघतात, आणि त्यांतले काही त्या मूलद्रव्याचे खास स्वतःचे असतात. अणूच्या अगदी आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला, की बाहेरचा त्याच्या जागी येतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. केंद्रकाची ओढ जितकी जास्त, तितकी त्या किरणांची वारंवारिता जास्त. रासायनिक गुणधर्म बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर ठरतात. या किरणांचा निरोप मात्र थेट केंद्रकाच्या शेजारून येतो. मोझलीने निर्वात नळीत एक छोटी गाडी बसवली, तिच्यावर निरनिराळ्या मूलद्रव्यांचे तुकडे ठेवले आणि रेशमी दोरीने गाडी ओढून एकेक तुकडा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली आणला. निघालेले किरण पोटॅशियम फेरोसायनाइडच्या स्फटिकावरून वळून छायाचित्राच्या काचेवर रेषा उमटवत. कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या रेषा एकाखाली एक ठेवल्यावर सरळ जिना तयार झाला. वारंवारितेचे वर्गमूळ काढले, की प्रत्येक मूलद्रव्यामागे ते ठरलेल्या मापाने वाढत होते. जस्ताऐवजी त्याने पितळ वापरले होते, तर काचेवर जस्ताबरोबर तांब्याच्याही रेषा आल्या. स्कँडियमचा नमुना नव्हता, तर जिन्यात नेमकी तेवढीच पायरी मोकळी राहिली. आणि कोबाल्ट २७ व्या पायरीवर होते, निकेल २८ व्या. वजन काहीही म्हणो.

डिसेंबर १९१३ मध्ये हा निबंध छापून आला. दुसरा एप्रिल १९१४ मध्ये, ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंतचा. आता रांगेत कोण आधी, कोण नंतर यावर वाद घालायचे कारणच उरले नाही. तितकेच महत्त्वाचे म्हणजे रिकाम्या जागा मोजता येऊ लागल्या. मेंडेलीव्हला दोन मूलद्रव्यांमध्ये किती अज्ञात मूलद्रव्ये असतील हे अदमासाने ठरवावे लागे. मोझलीने ४३, ६१ आणि ७५ असे आकडेच सांगितले. पॅरिसचे जॉर्जेस उर्बँ विरळ मृदा धातूंचे नमुने घेऊन मोझलीच्या नव्या मुक्कामी, ऑक्सफर्डला, आले, तेव्हा ज्या पृथक्करणावर त्यांचे आयुष्य गेले होते, त्यातले काय काय कोणत्या नमुन्यात आहे हे मोझलीने काही दिवसांत सांगितले.

त्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले. मोझली ऑस्ट्रेलियातल्या विज्ञान परिषदेहून परतला आणि रॉयल इंजिनियर्समध्ये संदेशवहन अधिकारी म्हणून भरती झाला. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो गोळी लागून मेला. वय सत्तावीस. अशा माणसाला आघाडीवर पाठवणे ही देशाने केलेली उधळपट्टी आहे, अशा आशयाचा संताप रदरफर्ड यांनी ‘नेचर’मधल्या मृत्युलेखात व्यक्त केला.

क्रम प्रभारावर ठरतो हे कळले, तरी वजन का चकवते हे उरलेच होते. त्याचे उत्तर फ्रेडरिक सॉडी यांच्या समस्थानिकांनी दिले. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असू शकतात, आणि सारणीत लिहिलेले अणुवस्तुमान ही त्यांची सरासरी असते. १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडल्यावर त्याचे कारणही उमगले : प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त. आयोडीन निसर्गात १२७ वजनाचे, एकाच प्रकारचे. टेल्यूरियमचे आठ प्रकार, आणि त्यांत १२८ आणि १३० वजनाचे सर्वांत विपुल; म्हणून सरासरी वर सरकते. अरगॉनची गंमत अशी, की हवेतला जवळपास सगळा अरगॉन ४० वजनाचा आहे आणि तो खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमच्या ऱ्हासातून जन्मलेला आहे. ज्या पोटॅशियमने त्याला रांगेत अडवले, त्याच्याचकडून त्याला हे वजन मिळाले. ब्राउनरची मोजमापे चोख होती, आणि मेंडेलीव्हने दिलेली जागाही. चूक होती ती फक्त या दोहोंना एकाच दोरीने बांधण्यात.

रांग लागली, पण गुणधर्म ठरावीक अंतराने परत का येतात? बोर यांनी १९२० च्या सुमारास आणि वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या कवचांवरून हे उलगडले. कवचातल्या उपकवचांत अनुक्रमे २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉन मावतात. आज आपण पाहतो त्या सारणीची सगळी ठेवण या चार आकड्यांतून निघते. डावीकडचे दोन स्तंभ म्हणजे पहिले उपकवच भरण्याची जागा, उजवीकडचे सहा दुसऱ्याचे, मधले दहा संक्रमण धातूंचे आणि खाली वेगळ्या काढलेल्या दोन ओळी चौदांच्या. चौथ्या ओळीत कॅल्शियमनंतर इलेक्ट्रॉन बाहेर न जाता आतल्या कवचात भरू लागतात, म्हणून स्कँडियमपासून जस्तापर्यंतची दहा मूलद्रव्ये मध्ये येतात. आडव्या ओळी म्हणजे आवर्त, आणि त्यांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज ११८. उभे स्तंभ म्हणजे गण, एकूण १८; एका गणात बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी, म्हणून स्वभावही सारखा. ज्याला मेंडेलीव्ह कुळाचे साम्य म्हणून ओळखत होता, ते हे.

या हिशेबाची परीक्षा लगेच झाली. विरळ मृदा धातू चौदाच्या ओळीत संपतात, तर ७२ वे मूलद्रव्य त्यांच्यातले नसून झिरकोनियमच्या जातीचे असले पाहिजे, असे बोर यांचे म्हणणे. कोपनहेगनला कॉस्टर आणि हेवेशी यांनी झिरकोनियमच्या खनिजांवर मोझलीचीच पद्धत चालवली आणि हॅफ्नियम सापडले. ही बातमी बोर यांनी डिसेंबर १९२२ मधल्या आपल्या नोबेल व्याख्यानात दिली. मोझलीच्या तीन रिकाम्या जागांपैकी ७५ मध्ये १९२५ साली ऱ्हेनियम आले, ४३ मध्ये १९३७ साली टेक्नेशियम आणि ६१ मध्ये १९४५ साली प्रोमेथियम. यांतली शेवटची दोन माणसाला प्रयोगशाळेतच घडवावी लागली. शेवटचा मोठा फेरबदल अमेरिकेच्या ग्लेन सीबोर्ग यांचा. तोवर थोरियम, युरेनियम ही हॅफ्नियम आणि टंगस्टनच्या रांगेखाली बसत. १९४४ मध्ये सीबोर्ग यांनी ती उचलून दुसऱ्या चौदांच्या ओळीत घातली. असे काही छापू नका, नाव धुळीला मिळेल, असा सल्ला त्यांना सहकाऱ्यांनी दिला होता.

२०१६ मध्ये ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांची नावे मुक्रर झाली आणि सातवे आवर्त भरले. तरीही हायड्रोजनला नक्की कोणत्या कुळात धरावे, तिसऱ्या गणात लँथनम असावे की ल्युटेशियम, यावर अजून चर्चा होतात. वाद आहेत ते कुळांचे. क्रमांकाचा वाद १९१३ मध्येच मिटला.

त्या निकालाचा रोजचा वापर पाहायचा, तर सराफ बाजार गाठावा. पूर्वी सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर घासून पाहत. आता अनेक पेढ्यांवर आणि हॉलमार्क केंद्रांवर दागिना एका पेटीत ठेवतात आणि त्यावर क्ष-किरण सोडतात. दागिन्यातले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या पायरीचे किरण परत पाठवते : ७९ म्हणजे सोने, ४७ चांदी, २९ तांबे, ३० जस्त. मोझलीच्या पितळेच्या तुकड्याने तांबे आणि जस्त वेगळे दाखवले, त्याच न्यायाने पडद्यावर ९१.६ टक्के सोने आणि बाकी मिश्रण असा हिशेब उमटतो. तोळे अजूनही काट्यावरच भरतात. काट्यावरचे ते सोने आहे की दुसरे काही, हे मात्र पेटी अणूंच्या क्रमांकावरून सांगते.